मामाच्या गाडीचा हौदा

माझ्या पिकअपच्या हौद्यात अजून बायका बसल्याच्या खुणा आहेत. मागच्या उन्हाळ्यापासून तशाच आहेत. माल टाकायला आलेला हमाल वाकून बघतो आणि विचारतो, "भाऊ, हे काय झालं इथं?" मी म्हणतो, "काही न्हाई, तू पोतं टाक." माझी बायको ही गोष्ट सांगते, हसून हसून सांगते, ऐकणारेही पोट धरून हसतात. मी तेवढ्या वेळात चहा सांगायचं निमित्त काढून उठून जातो.

मी मुदखेडचा. गाडी माझी, चालवतोही मीच. सकाळी फुलं नांदेडच्या बाजारात, हदगावचा बाजार असला की शेळ्या, बाकी दिवस सिमेंट, कांदे, सोयाबीन, कुणाचं घरसामान, जे मिळेल ते. शेळ्या नेणाऱ्या गाडीचा वास कसा असतो ते ज्यानं नेल्या त्याला विचारा. धुवा, फिनेल टाका, उन्हात उभी करा, वास पत्र्यातून हलत नाही. मला मात्र तो येत नव्हता. रोजच्या माणसाला येतच नाही.

तो वास माझ्या दाजींना आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. भोकरला असतात, सरकारी नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. काही वर्षांमागं त्यांनी घर बांधलं. नव्या घरात बुद्धवंदना ठेवली होती, त्याला मी हदगावचा बाजार उरकून, घरी जाऊन माणसं घेऊन तसाच गेलो. बायको लेकराला घेऊन पुढं केबिनमध्ये आणि माय मागं हौद्यात, पोत्यावर बसलेली. दाजी पुढं आले, मायला हात देऊन उतरवलं, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणाले, "अरे, ह्यात माणसं बसवतात का? शेळ्यांच्या लेंड्यात माझ्या सासूला बसवून आणलंस?"

त्यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. पण माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "ह्याच लेंड्यावर माझं घर चालतंय, दाजी. आजपासून तुमच्या दारात ही गाडी न्हाई आन् मी बी न्हाई." पाण्याचा घोटही न घेता गाडी वळवली. माय तिथंच राहिली. बायको लेकराला घेऊन माझ्याबरोबर उपाशी परत आली. त्यानंतर दाजी अक्काला माहेरी सोडायला आले की एष्टी स्टँडवरूनच परत जायचे. मी भोकरला माल घेऊन गेलो की त्यांची गल्ली टाळून लांबून जायचो. अक्का दोघांच्या मध्ये पिसली गेली, पण ते माझ्या ध्यानात यायला मला वेळ लागला.

मागच्या उन्हाळ्यात भाच्याचं लग्न ठरलं. नवरी लातूरकडची, लग्न भोकरला दाजींच्याच दारात. दाजींनी मायला फोन केला. माझ्याशी बोलले नाहीत, पण फोन स्पीकरवर होता, मी शेजारीच जेवायला बसलो होतो, आणि ते त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. म्हणाले, "माय, गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन या. आणि गाडी त्याचीच आणा म्हणावं. नातवाच्या लग्नाला मामाच्या गाडीतच यायचं, दुसरी गाडी करायची नाही."

फोन ठेवून माय पदरानं डोळे पुसायला लागली. "बघ की रं, मोठा माणूस आसून हात पुढं केला त्यानं. आता तरी सोड." मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर मला त्या फोनमध्ये हात-बित काही दिसला नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. तीच गाडी, तोच हौदा, तेच दार. आता बघू काय नाव ठेवतात ते.

मोबाईलवर मी एक व्हिडिओ बघून ठेवला होता. कुठल्या तरी बाहेरच्या देशातला माणूस आपल्या गाडीच्या हौद्याला घरच्या घरी काळा लेप देत होता. जाड, रबरासारखा, हाताला खरखरीत. माल घसरत नाही, पत्रा गंजत नाही, वास धरत नाही. मी नांदेडला गेलो आणि पेंटच्या दुकानातून तसलाच डबा आणला, सोबत हार्डनरची बाटली. हार्डनर मिसळलं की लेप कडक होतो, न मिसळता कितीही दिवस ठेवा, ओलाच. करून देणारे कारागीर नांदेडात होते. पण मला स्वतःच्या हातानं करायचं होतं. दाजींनी विचारलंच, "कुणाकडून केलंस?" तर म्हणता आलं पाहिजे, "मीच केलंय."

हौदा मी असा घासला की विचारू नका. पाणी मारलं, सोड्यानं धुतला, तारेच्या ब्रशनं गंज काढला, मग काचकागद घेऊन कोपरा न् कोपरा. हाताची सालटं निघाली. शेळ्यांचा वास त्या दिवशी मला पहिल्यांदा आला. ओला पत्रा उन्हात तापला आणि असा भपकारा सुटला की मी खाली उतरून उभा राहिलो. माय ह्यात बसून भोकरपर्यंत गेली होती आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. एवढं कळूनही मी शहाणा झालो नाही, उलट अजून जोरात घासायला लागलो.

लेप लावायला घेतला तो भर दुपारी, वैशाखातल्या. तिथं माझी पहिली माती झाली. अर्धा डबा बादलीत काढून त्यात हार्डनर ओतलं, रोलर घेतला आणि समोरची बाजू रंगवून होतेय तोवर बादलीतलं सगळं घट्ट व्हायला लागलं. रोलर त्यात उभाच राहिला. आपल्याकडचं ऊन त्या व्हिडिओतल्या माणसानं कुठं बघितलंय? मी शिव्या हासडत बादली फेकली. उरला अर्धा डबा. त्यात हौद्याची सगळी जमीन करायची होती, जिथं बायका बसणार होत्या ती. मग मी अक्कल चालवली. ह्या वेळी हार्डनर अगदी थोडंच टाकलं, म्हणजे लेप लवकर धरणार नाही आणि निवांत लावता येईल.

निवांत लागला की! एकसारखा, काळाकुळकुळीत, दाणेदार. संध्याकाळी गल्लीतले लोक बघायला आले. मी फाळका पाडून सगळ्यांना दाखवत होतो. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं दार, तो पूर्ण खाली लोंबत राहील असा मी सोडला होता, जसं शोरूममध्ये उघडून ठेवतात तसं. बायकांना म्हणालो, "बसा एकदा लग्नाला. सोफ्यावर बसल्यावाणी वाटंल." किती बोललो मी त्या दिवशी, आठवलं तरी अंगावर काटा येतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी बोट लावून बघितलं. वरून कोरडं होतं. जरा दाबलं तर बोट किंचित धरल्यासारखं झालं. दुधावर साय येते आणि खाली दूध पातळच असतं, तसं. मला कळलं नसेल का? कळलं. पण माणूस स्वतःशी फार गोड बोलतो. म्हणालो, उद्याच्या उन्हानं वाळून जाईल.

लग्नाच्या सकाळी आमच्या अंगणात आमची कोंबडी काळे पाय घेऊन फिरत होती. बायकोनं ती बघितली, मग हौदा बघितला, मग मला बोलावलं. लेपावर कोंबडीची पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत. "अवं, हे वाळलं न्हाई."

"कालची पावलं हायेत ती."

"काल कोंबडी डालीखाली होती."

"तू गप बस. सकाळी सकाळी अपशकुन करू नको." हे मी म्हणालो. घरात पंचशील म्हणणारा माणूस मी, शकुन-अपशकुन काढायला लागलो. बायको आत गेली आणि सतरंजी घेऊन आली, मोठी, निळ्या पट्ट्यांची. हौद्यात अंथरणार तेवढ्यात मी ती तिच्या हातातून ओढून घेतली. सगळ्या बायका तयार होऊन दारात उभ्या होत्या. मी ओरडलो, "सतरंजी टाकून झाकून न्यायचंय व्हय? मग एवढी मेहनत कशाला केली? दाजींना दिसू दे की हौदा!" सतरंजी ओट्यावर फेकली. बायकोनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि पुढं केबिनमध्ये लेकराशेजारी जाऊन बसली.

आमच्यात लग्नाला पांढरं नेसतात. नवरा-नवरी पांढऱ्यात, वऱ्हाडही पांढऱ्यात. गल्लीतल्या बायका सगळ्या पांढऱ्या साड्यांत, कुणाचा काठ निळा, कुणाचा जरीचा. मायनं पांढरं लुगडं नेसलं होतं, त्याला तिनं स्वतः नीळ दिली होती. नातवाच्या लग्नात बुद्धमूर्तीपुढं पहिली मेणबत्ती तिनंच लावायची असं दाजींनी सांगितलं होतं. मला पुढं सीट रिकामी करता आली असती. पण मायच म्हणाली, "बायका मागं, मी एकटी पुढं कशाला?" वर मी ताडपत्री बांधली होती, सावली होती. बायका चढल्या, हात लावून बघितलं, हाताला काही लागलं नाही. एकीनं हौद्याचं कौतुकही केलं. मी फाळका लावला आणि निघालो.

वाटेत मागून गाणी ऐकू येत होती. रस्ता तुम्हाला माहीत आहे, नसला तरी अंदाज येईल. गाडी आदळत होती, बायका त्या खरखरीत लेपावर एवढंएवढं घासल्या जात होत्या, ऊन चढत होतं, आणि वरची साय फुटत होती. मला पुढं काही कळायचं कारण नव्हतं. मी आरशात बघून केस सारखे करत होतो. अंगात नवा पांढरा शर्ट, पांढरी पँट.

भोकरला दाजींच्या दारात मांडव मोठा घातला होता. लातूरचे पाहुणे येऊन बसले होते. मी हॉर्न वाजवत, मुद्दाम गाडी उलटी घेत फाळका बरोबर मांडवाच्या तोंडाशी आणला, सगळ्यांना हौदा दिसावा म्हणून. उतरलो, मागं गेलो, फाळका पाडला. "उतरा."

कुणी उतरेना.

"उतरा की, काय झालं?"

एक जण उठायला गेली आणि चर्रकन आवाज आला, ओलं कातडं सोलावं तसा. तिची साडी मागून हौद्याला चिकटली होती. ती सुटली तेव्हा तिच्या पांढऱ्या साडीवर परातीएवढा काळा डाग होता. शेजारणीनं बघितलं आणि ती हसली. मग ती स्वतः उठली आणि हसायची थांबली. एकेक करत सगळ्या उठल्या, एकमेकींच्या मागं बघत, हातानं साड्या ओढत, आणि हातही काळे झाले. खाली मांडवात पन्नास माणसं माना वळवून बघत होती.

आणि मी काय केलं? मी बायकोकडं वळलो आणि ओरडलो, "सतरंजी कुठाय?"

त्या दिवसातलं सगळं मी कधी तरी विसरेन, हे विसरणार नाही. ती लेकराचा हात धरून उभी होती. तिनं नजर लेकराकडं वळवली. सगळ्या बायकांनी मात्र माझ्याकडं बघितलं, कारण सतरंजी कुठं होती ते सगळ्यांना माहीत होतं.

माय उठलीच नव्हती. तिनं बाकीच्यांचं बघितलं होतं, आपल्या खाली काय झालंय ते तिला कळलं होतं. ती म्हणाली, "मी न्हाई उतरत, बाबा. मी हितूनच बघते माझ्या नातवाचं लगीन. दिसतंय हितून." मग ती लुगडं पायावर सारखं करत बसून राहिली. ती बसलेली बघून उठलेल्या बायकाही परत खाली बसल्या. आमच्या मुदखेडची सगळी बायकामाणसं भर लग्नात माझ्या हौद्यात बसून राहिली, आणि मी फाळक्याशी दारवानासारखा उभा. धरणी पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, तसं झालं होतं.

अक्का धावत आली, बघितलं आणि तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. तिच्या मागून दाजी आले. नवरदेवाचा बाप, नवा पांढरा झब्बा-पायजमा, खिशाला पेन. ते हौद्याकडं बघत उभे राहिले. काळा लेप, त्यावर चिकटलेल्या बायका, मध्ये माय. मी मनातल्या मनात त्यांच्या वाट्याचं वाक्य तयार करून बसलो होतो. बोला, दाजी. आज काय बोलायचं ते बोला, आज मी ऐकून घेईन. खाली मान घालून उभा राहिलो.

दाजींनी चपला काढल्या. फाळक्यावर गुडघा टेकवला, जरा अडखळले, मी आधार द्यायला गेलो तोवर ते वर चढले होते. बायकांनी डोक्यावर पदर घेत जागा दिली. "जरा सरका, माय," म्हणाले आणि मायच्या शेजारी, त्या काळ्यावर, मांडी घालून बसले.

अक्का किंचाळली, "अवं, नवरदेवाचे बाप तुमी! येड लागलं का?"

"लागू दे," दाजी म्हणाले. आणि चांगलं टेकून बसले, पाठही लावली. आजूबाजूला बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वास बाकी गेला रे तुझा."

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मायसुद्धा हसली, डोळ्यांतलं पाणी पुसत. मला हसू येईना आणि रडूही येईना. एवढ्या वर्षांनी त्या माणसानं माझ्याशी केलेलं हे पहिलं बोलणं होतं.

ते उठले तेव्हा पुन्हा तोच चर्र आवाज आला. पायजमा मागून काळा, झब्ब्याची पाठ काळी. त्यांनी मायला हात दिला, अगदी त्या दिवशी दिला होता तसाच. "चला. मला तर मांडवात जायलाच पाहिजे, तुम्हीही चला. मेणबत्ती तुम्हीच लावायची आहे. आणि फोटो काय, पुढूनच काढतात."

माय उतरली. तिच्या मागं बायका उतरल्या. लातूरच्या पाहुण्यांमधल्या बायका आधी बघत राहिल्या, मग त्यांतल्या दोघी-तिघी पुढं येऊन आमच्या बायकांचे हात धरून आत घेऊन गेल्या. हौदा रिकामा झाला. मी फाळक्यावर पाय ठेवला.

"तू कुठं चाललास?" दाजींनी विचारलं.

"मी बी बसतो. मला बी लागू दे."

त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला थांबवलं. हाताला काळं लागलं होतं, ते लक्षात येताच चटकन हात मागं घेतला, माझ्या शर्टाला लागू नये म्हणून. म्हणाले, "तू नको. तू मामा आहेस. पोराशेजारी एखादं माणूस तरी स्वच्छ दिसू दे." टोमणा आहे का म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

वंदनेला मी सगळ्यांच्या मागं जाऊन बसलो. बायको पुढं लेकराजवळ होती, तिच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती. मायनं मेणबत्ती लावली, वात दोनदा विझली. मग सगळे गुडघ्यावर बसून मूर्तीपुढं वाकले. माझ्या समोर माय, तिच्या शेजारी दाजी, त्यांच्या मागं माझ्या गल्लीतल्या बायका, सगळ्यांच्या पांढऱ्यावर माझ्या हातचा लेप. मीही वाकलो. त्या सगळ्यांत माझ्याच कपड्यांवर डाग नव्हता.